बनारसहून मागवलेला शालू

१९ एप्रिल १९९८

आमच्या मुलाच्या, आलोकच्या, शिकवणी क्लासच्या जाहिरातीसाठी दोनशे डायऱ्या छापून घेतल्या होत्या, त्यातल्या साठेक उरल्या. प्रत्येक पानाखाली 'यशाची खात्री' असं छापलेलं आहे. वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही, म्हणून एक मी घेतली. शिवाय आज जे झालं ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही.

आज बस्ता बांधला. नांदेडहून विहीणबाई मालविकाताई, त्यांच्या दोघी जावा आणि देविका, म्हणजे आमची होणारी सून, असे सगळे आले होते. गंजगोलाईतल्या दुकानात गादीवर बसून मानापानाच्या साड्या, धोतरं, टॉवेल-टोप्या घेणं सुरळीत चाललं होतं. मग दुकानदारानं शालू काढले. नवरीचा शालू नवऱ्याकडचा, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पहिलाच शालू साडेसोळा हजारांचा. जरा खालचे दाखवा म्हटलं, तर म्हणतो, "काकू, खालचे पाहुण्यांसाठी असतेत, नवरीसाठी नसतेत." विहीणबाईंनी ओठ दुमडले. त्यांना वाटलं मला दिसलं नाही.

साडेसोळा हजार. नेसायचा एक दिवस, तोही चार तास, आणि मग जन्मभर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. याला हौस म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात. आणि खरं सांगायचं तर तेवढे पैसे आता आमच्याकडे नाहीतच. आमच्या यांचा, म्हणजे माधवरावांचा, निवृत्तीचा फंड आलोकच्या हॉलला आणि बाकांना गेला. लातुरात सध्या ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त आहेत त्यानं खाटा टाकून पोरं ठेवलीत आणि ज्याला दोन समीकरणं सुटतात त्यानं क्लास काढलाय. आपणच मागं का राहायचं, हे माझंच म्हणणं होतं. जूनमध्ये पहिली बॅच भरली तर भरली.

तेवढ्यात देविका म्हणाली, मला साधा शालू चालेल, तीन हजारांतला असला तरी. दहा माणसांत असं बोलायची काय गरज होती? आमची ऐपतच काढली तिनं. माझ्या तोंडून निघून गेलं की इथलं काही बघूच नका, शालू आम्ही बनारसहून मागवलाय.

विहीणबाईंचे ओठ लगेच सरळ झाले. देविका मात्र माझ्याकडे बघत राहिली. बनारसला आमचं कुणीही नाही.

२३ एप्रिल

चार दिवस झोप नाही. आज वाट सापडली.

गोलाईच्या मागच्या गल्लीत साखराबाई म्हणून एक पिको-फॉल करणारी बाई आहे, ती लग्नाचे शालू भाड्याने देते असं कानावर होतं. मी मुद्दाम दुपारी गेले, उन्हात कुणी ओळखीचं भेटत नाही. खोली एवढीशी, पण आत लोखंडी कपाट आणि त्यात अकरा शालू, मलमलीत गुंडाळलेले. मी साड्या ओळखते. त्यातले निम्मे तरी त्या दुकानातल्यापेक्षा सरस होते. मोठ्या घरांतल्या बायका विकतात, ही घेते, जर साफ करते, फॉल बदलते. डाळिंबी रंगाचा एक होता, पदरावर कोयऱ्या. हात लावला आणि ठरवलं, हाच.

ती मूळची किल्लारीकडची. भूकंपात घर गेलं, मग इकडे आली. शालूंचं कसं सुचलं विचारलं तर म्हणाली, "त्या साली पोरींची ठरलेली लग्नं पत्र्याच्या शेडात लागली अक्का. अंगावर धड लुगडं न्हाई. माझा एक शालू ढिगातून निघाला व्हता. त्या एका शालूत सात पोरी उभ्या राहिल्या." हे तिनं सुई ओवता ओवता सांगितलं.

भाडं सहाशे. पण तिचा एक नियम आहे. नवरीला विचारल्याशिवाय ती शालू देत नाही. म्हणे सासूच्या मनानं दिलेला शालू नवरीच्या अंगाला टोचतो. मी म्हटलं, नवरीला सगळं माहीत आहे, ती नांदेडला, परीक्षा चालू आहे, येऊ शकत नाही. खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. तिनं खूण म्हणून लग्नपत्रिका ठेवून घेतली आणि तारखा बजावल्या: आठला न्यायचा, तेराला परत. सतराला तोच शालू किल्लारीच्या एका मुलीसाठी बोललेला आहे.

माझा बेत साधा आहे. लग्न झालं की शालू ड्रायक्लीनला म्हणून मी ताब्यात घ्यायचा. मग तो 'सांभाळून' माझ्या कपाटात. सुनेनं वर्ष-सहा महिने विचारलं नाही की विषय संपला. तोवर क्लास चालला तर हुबेहूब तसा दुसरा घेऊन ठेवीन. यात कुणाचं काय जातं?

८ मे

शालू आणला. ब्लाऊज साखराबाईनंच शिवला. पत्रिकेतल्या फोटोवरून अंदाजानं माप काढलं म्हणाली. हात आहे हो बाईला.

एक युक्ती मला फार आवडली आहे. रद्दीवाल्याकडून हिंदी वर्तमानपत्र मिळवलं आणि शालू त्यात गुंडाळला. बनारसहून आलेली वस्तू हिंदी कागदातच येणार. माधवरावांना उघडून दाखवला. ते चष्मा काढून म्हणाले, छान आहे, कितीला पडला? म्हटलं, तुम्ही त्यात पडू नका. एकतीस वर्षं संसार केला, पण त्यांच्याशी खोटं बोलायची वेळ आली की मी हेच म्हणते, आणि ते गप्प बसतात.

११ मे

लग्न काल नांदेडला पार पडलं. लिहायला आज वेळ मिळाला.

शालूनं बाजी मारली. ब्लाऊज तर असा बसला की देविकाची मामी शिंप्याचं नाव विचारायला आली. विहीणबाईंनी पदर हातावर घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, बनारसचं काम लपत नाही. मला त्या घटकेला फार बरं वाटलं. एवढं बरं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

एक-दोन खटके उडाले. शालूतलं ब्लाऊजपीस वेगळ्या छटेचं कसं, असं तिच्या मोठ्या काकूनं विचारलं. मी म्हटलं, बनारसला हल्ली अशीच पद्धत आहे. नेसवताना देविकानंही विचारलं, "आई, फॉलच्या आत हे लाल दोऱ्याचे तीन टाके कशाचे?" ती साखराबाईची खूण, प्रत्येक शालूला वेगळी. मी पटकन सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून घातलेत. "कुणाची?" असं म्हणाली आणि हसली. मुलगी जरा आगाऊ आहे, पण मन साफ दिसतं.

गाडीत बसताना परत म्हणाली, "ते बनारसचं वर्तमानपत्र वाचलं मी. त्यात औरंगाबादचं हवामान होतं." मी म्हटलं, पेपर काय, सगळीकडेच जातात. ती हो म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. कशाचं काय बघेल, सांगता येत नाही.

१२ मे

सत्यनारायण झाला. पूजेला शालूच लागतो, तेव्हा आजही तिच्या अंगावर होता. प्रसादाचं तूप सांडेल म्हणून मी दिवसभर तिच्यामागे फिरत होते. माझी नणंद म्हणाली, सुनेवर नजर ठेवून आहेस की शालूवर?

संध्याकाळी देविका माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुमच्या घरात रीत कशी आहे ते सांगत जा, मला राग येत नाही, पैशाचं असो की कशाचं. मी म्हटलं, पैशाचं तू मनावर घेऊ नकोस, देवाच्या दयेनं सगळं आहे. ती आणखी जरा वेळ बसली. काहीतरी मागायचं असणार. नव्या सुनेला लगेच काही विचारू नये, सवय लागते.

उद्या सकाळी शालू साखराबाईकडे.

१३ मे

बेत फसला.

मांडवपरतणीला माहेरी न्यायला तिचा भाऊ आणि मावशी परवा यायचे ते आज सकाळीच आले. नणंद, तिच्या सुना, शेजारणी, सगळ्या बसलेल्या. देविकानं बॅग बाहेर आणून सगळ्यांसमोर उघडली. वर शालू. मला म्हणाली, "आई, हा नेऊ ना?"

ती असं का विचारते, हेच मला कळेना. गपचूप नेला असता तर मागून काहीतरी करता आलं असतं. पण दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मावशी म्हणाली, आमच्या गल्लीत सगळ्यांना बघायचाय. देविकानं पुन्हा विचारलं, "नेऊ का राहू देऊ? तुम्ही म्हणाल तसं."

आणि मी म्हणाले, "ने की, तुझाच आहे तो."

तिनं बॅग लावली. लावताना माझ्याकडे पाहिलं नाही. चार दिवस सासूचे म्हणतात, माझे तीनसुद्धा झाले नाहीत.

१४ मे

साखराबाई घरी आली. माधवराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी घाईनं सांगितलं, पिको-फॉलचे पैसे न्यायला आली आहे. त्यांनी तिला बसा म्हटलं, चहा ठेवायला लावला, किल्लारीची चौकशी केली, नव्या घरांना भेगा पडल्या म्हणतात ते खरं का, वगैरे. मी आत उभी राहून दुधाकडे बघत होते. तिनं शालूचा शब्दही काढला नाही. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा बोलली.

"अक्का, सतराला बारा पस्तीसला महानंदाचं लगीन हाय. आई न्हाई पोरीला, भूकंपात गेली. मलप्पा, तिचा चुलता, लगीन लावून देतोय. पोर दोनदा येऊन त्यो शालू अंगावर धरून गेली. माझे बाकीचे समदे भाड्यानं गेलेत."

मी म्हटलं, येईल, उद्या नक्की येईल. तिनं विचारलं, "नवरीला ठाव हाय न्हवं, शालू भाड्याचा हाय म्हून?" हो तर, म्हटलं, तीच पाठवणार आहे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग बरं म्हणून गेली. मला तिचा रागही आला. सहाशे रुपयांत एवढं रोखून बघायचं काय कारण?

रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. किल्लारीची ती मुलगी मी पाहिलेली नाही. ती कशी दिसत असेल याचाच विचार येतो, आणि तो नको वाटतो.

१५ मे

आलोकच्या क्लासमध्ये फोन आहे, पण तिथून बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं. म्हणून एसटीडी बूथवर गेले. विहीणबाई खुशीत होत्या. पन्नास बायका बघून गेल्या, देगलूरची बहीण उद्या येणार आहे म्हणाल्या. मी म्हटलं, शालू जरा आजच पाठवून द्यायला हवा. का, म्हणाल्या. मी आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडून निघालं, आमच्याकडे रीत आहे, लग्नातला शालू आठवड्याच्या आत देवीला नेसवायचा असतो. तुळजापूरला.

त्यांनी फोन देविकाला दिला. तिचा आवाज अगदी हळू होता.

"आई, शालू कशाला हवाय? खरं काय ते सांगा, मी आत्ता निघते."

बूथमध्ये उकडत होतं. बाहेर परगावची, क्लासला आलेली पोरं रांगेत उभी होती, घरी पैसे मागायला. मी म्हटलं, खरंच देवीसाठी. समोर मीटर पळत होता. मग ती म्हणाली, "बरं. मग मीच नेऊन देते." आणि फोन ठेवला.

ती आता शालू घेऊन बसणार, मला देणार नाही. कपड्याची एवढी हाव बरी नव्हे. उद्या स्वतः जाऊन आणते. आलोक संध्याकाळीच बॅग घेऊन निघाला, नांदेडला काहीतरी व्याख्यान आहे म्हणे. माझ्याकडे बघून गालात हसला. लग्न झालं की मुलं अशीच होतात.

१६ मे

पहाटेच्या एसटीनं निघाले. अहमदपूरला गाडी पाऊण तास थांबली, कंडक्टर निवांत चहा पीत बसला. नांदेडला पोचेपर्यंत साडेअकरा झाले.

विहीणबाई दारातच चकित. "अहो, तुम्ही इकडे? देविका आणि आलोक सकाळीच गेले की शालू घेऊन. तुम्हीच देवीला द्यायचा म्हणालात ना?"

मी पायरीवरच बसले. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला, जेवून जा म्हणाल्या. एवढ्या चांगल्या वागल्या की मला रडू यायला लागलं. ती पोरगी तुळजापूरला गेली. माझं खोटं तिनं खरं मानलं. देवीला वाहिलेला शालू कुणी परत देत नाही, आणि मागायचाही नसतो. म्हणजे संपलं.

परतीच्या सबंध वाटेत त्या महानंदाशिवाय दुसरं काही सुचलं नाही. उद्या बारा पस्तीसचा मुहूर्त. ती काय नेसेल? आणि साखराबाईचा धंदा विश्वासावरचा. किल्लारीत उद्या तिचं नाव जाईल ते माझ्यामुळे. मी कधी कुणाचा चमचा बुडवला नाही, असं मी चारचौघांत सांगत आले आहे.

लातूरला उतरले ती घरी गेलेच नाही. साखराबाईच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लग्नाला किल्लारीला गेली. मग सराफाकडे गेले. हातातल्या पाटल्या उतरवून ठेवल्या आणि बस्त्याच्या त्याच कापडदुकानात त्याच गादीवर जाऊन बसले. साडेसोळा हजारांचा तो शालू अजून होता. दुकानदार म्हणाला, "बनारसचा आला न्हाई का काकू?" मी आला म्हटलं, हा दुसरा.

माधवरावांनी माझे मोकळे हात पाहिले. जेवताना विचारलं, सौदामिनी, मला सांगण्यासारखं काही आहे का? मी म्हटलं, उद्या सांगते. ते म्हणाले, क्लासमध्ये आलोकचा फोन आला होता, ती दोघं उद्या दुपारनंतर येतायत.

१७ मे

आता संध्याकाळचे सात वाजलेत. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मी माझ्याच सोयीचं लिहीन.

पहिल्या गाडीनं निघाले, औशाहून जीप केली, दहाला किल्लारीत उतरले. पुनर्वसनातली घरं सगळी एकसारखी, नुसते आकडे वेगळे. मलप्पांचं घर विचारत फिरले. नव्या शालूच्या डब्याच्या कोपऱ्यानं काख सोलवटली होती. दोनदा वाटलं, डबा कुणाच्या तरी हाती द्यावा आणि परत जावं. पण मग पुन्हा कुणाला तरी काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं होतं.

मांडवात बायकांनी वाट करून दिली. आतल्या खोलीत गेले. महानंदा पाटावर उभी होती, बारीक, सावळी, कपाळाला मुंडावळ्या. अंगावर डाळिंबी शालू. आणि तिच्या पायाशी बसून निऱ्या लावत होती आमची देविका. तोंडात तीन पिना.

तिनं मला पाहिलं. पिना एकेक काढून लावल्या. मग उठली.

साखराबाई कोपऱ्यात होती. मी तिलाच विचारलं, हे कसं काय? ती म्हणाली, "माझा नियम सांगितला व्हता न्हवं तुम्हाला? पत्रिकेवर पत्ता व्हता. मी नवरीला कार्ड टाकलं. शालू भाड्याचा हाय, चालतोय का, आन माप कळीव. तिनं दोन्ही कळीवलं. सासूला सांगू नका म्हनली, त्या सांगतील तवा सांगतील."

म्हणजे लग्नाआधीपासून. दृष्टीचे टाके, हवामानाची बातमी, परवाचा फोन, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. प्रत्येक वेळी तिनं दार उघडून धरलं होतं आणि प्रत्येक वेळी मी ते लावलं होतं.

एवढ्यात खोलीतल्या बायकांचं वेगळंच सुरू झालं. एकजण पुढे होऊन शालूवरून हात फिरवून म्हणाली, ह्यो तर माझ्या लग्नातला. दुसरी म्हणाली, माझ्या नंतरचा तुझ्याकडं आला. तिसरी आपल्या धाकटीला ओढून घेऊन आली, हीबी ह्यातच उभी राहिली. कुणाचा पिवळा डाग, कुणाची तुटलेली जर, यावरून हसाहशी. आता माझी पाळी, असं वाटलं. आणि देविका सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, "मी पण. दहा तारखेला, नांदेडला."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. एका म्हातारीनं विचारलं, आन ह्या कोन? देविका म्हणाली, "माझ्या सासूबाई. हा त्यांनीच आणला होता माझ्यासाठी."

म्हातारीनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. लई गुणाची सासू भेटली म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग देविकानं डब्याकडे पाहिलं. यात काय आहे, म्हणाली. मी डबा उघडला. तिनं माझे मोकळे हात पाहिले, शालू पाहिला. महानंदा मात्र वाकून बघत म्हणाली, "चांगला हाय. पर मला ह्योच पाहिजे." मी डबा बंद केला.

लग्न बारा पस्तीसला लागलं. मी अक्षता टाकल्या. महानंदाच्या चुलत्यानं मला पंगतीत आग्रहानं वाढलं, जेवण गेलं नाही.

जीपमध्ये आलोक पुढे बसला होता. देविका माझ्या शेजारी, डबा माझ्या मांडीवर. औसा मागं पडल्यावर मी म्हटलं, तेराला तू मुद्दाम नेलास. ती हो म्हणाली. म्हणाली, बायकांसमोर विचारलं ते चुकलंच, पण एकटीला विचारलं की तुम्ही टाळत होतात. आणि चौदा तारखेला संध्याकाळी तिनं क्लासमध्ये फोन करून आलोकच्या हाती साखराबाईला निरोप दिला होता, शालू सोळाला किल्लारीत मी आणते म्हणून. त्या मुलीला तिनं एक दिवसही टांगणीला ठेवलं नव्हतं. टांगणीला मी एकटीच होते.

मग म्हणाली, "शालू भाड्यानं आणला याचं मला काही वाटलं नाही. मी बस्त्यालाच सांगितलं होतं साधा चालेल म्हणून. मला वाटलं, आपण दोघी मिळून माझ्या आईला फसवू, मजा येईल. पण तुम्ही मलाही त्यांच्यातच धरलंत."

माझ्याजवळ तिच्यासाठी काय होतं? साडेसोळा हजारांचा शालू होता. तो मी तिच्याकडे सरकवला. तिनं तो परत माझ्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

घरी आल्याबरोबर माधवरावांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला सांगितलंस, ठीक. पण मला सांगणं सोपं आहे." खरंच सोपं होतं.

मी चुकले, एवढे दोन शब्द मी अजून देविकाला म्हटलेले नाहीत. आत भांडी लावल्याचा आवाज येतोय. एकतीस वर्षांत या घरात मी हे कुणालाही म्हटलेलं नाही, त्यामुळे तोंडाला वळण नाही.

१८ मे

सकाळी म्हटलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत, पण डोळे भरले. म्हणाली, तेराला म्हणाल असं वाटलं होतं. मी म्हटलं, मला पाच दिवस जास्त लागले.

नव्या शालूचं काय करायचं ते दोघींनी बसून ठरवलं. दुकानदार परत घेणार नाही, मी तो नेसणार नाही, ती म्हणते मीही नाही. दुपारी साखराबाईकडे नेऊन दिला. तिनं तो उजेडाला धरून पाहिला, जर नखानं खरवडली आणि म्हणाली, "ह्याची जर खोटी हाय अक्का. चार लग्नं न्हाई टिकायची." तरी ठेवून घेतला. भाड्यातून थोडं थोडं देईन म्हणाली. पाटल्या कधी सुटतील देव जाणे. आपल्याच हातानं उतरवल्या, कुणाला दोष देऊ?

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं की झालं. देविका म्हणाली, "माझ्या आईला अजून माहीत नाही. माझ्याकडून कळणारही नाही." आणि ती खरंच सांगणार नाही, एवढं मला आता तिच्याबद्दल समजलं आहे. विहीणबाई जन्मभर बनारसचं काम लपत नाही म्हणतील आणि मी मान डोलावीन. सोपं आहे. पण प्रत्येक वेळी ती तिथं उभी असेल, मुकाट्यानं, माझ्या खोट्याला सांभाळत.

संध्याकाळी क्लासमध्ये गेले. आलोक फळा पुसत होता, जूनच्या बॅचला नाव घालायला आलेली चार-पाच पोरं बाकांवर बसली होती. त्यांना बाहेर जा म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. देविकानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ती जवळच उभी राहिली.

विहीणबाईंनीच उचलला. देगलूरच्या बहिणीला शालू बघायला मिळाला नाही म्हणून ती कशी रुसली, ते सांगायला लागल्या. मी त्यांना बोलू दिलं. त्या थांबल्यावर म्हटलं, मालविकाताई, त्या शालूबद्दलच सांगायला फोन केलाय, आणि बस्त्याच्या दिवसापासून सुरुवात केली.